एएची मीटिंग: कुठं शोधायची, आत काय होतं आणि पहिल्या दिवशी काय करायचं

एसटी स्टँडच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात, विजेच्या खांबावर एक जाहिरात हमखास चिकटवलेली असते: दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत. घरची माणसं जेरीला आलेली असतात. ती पुडी आणतात आणि भाजीत कालवतात. पुडीत काय आहे ते विकणाराही धड सांगत नाही. कधी त्यात डायसल्फिराम असतं. हे खरं औषध आहे, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सगळं नीट सांगून दिलं तर उपयोगीही आहे. पण ते पोटात असताना वर दारू गेली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय आधीच कमकुवत असेल तर जिवावरच बेतायचं. हे औषध चोरून देऊच नये.

दुसरा उपाय म्हणजे गाडी बोलावून माणसाला झोपेतून उचलून ‘सेंटर’ला नेऊन टाकणं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित आजारही धरलेले आहेत, त्यामुळे असं परस्पर उचलून नेणं कायद्यात बसत नाही, हे निदान ठाऊक असावं. तिसरा उपाय माळ घालण्याचा किंवा देवळात शपथ घेण्याचा. माळेवर सुटलेली माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत, त्यामुळे तो उपाय मी हसण्यावारी नेणार नाही.

चौथा उपाय मात्र फुकट आहे, घराजवळ असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तरीही तो शेवटी आठवतो. संध्याकाळी एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये दहा-पंधरा माणसं जमतात आणि आपापल्या पिण्याबद्दल बोलतात. तीच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे एएची मीटिंग.

एम्सनं केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूवाचून राहूच शकत नाहीत अशा माणसांची संख्या त्यात जवळपास २.९ कोटी निघाली. त्यांतल्या ३८ जणांमागे फक्त एकानं कुठली ना कुठली मदत मिळाल्याचं सांगितलं. उरलेल्या सदतिसांपैकी कित्येकांना ही मीटिंग काय असते तेच माहीत नसेल, असा माझा अंदाज आहे. हा लेख त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

सुरुवात कशी झाली

१९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी गेला होता. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा असताना बारमधले आवाज त्याच्या कानावर येत होते. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली होती. दुसऱ्या दारुड्याशी बोलत बसलं की त्याची स्वतःची ओढ कमी व्हायची. त्यानं गावातल्या चर्चना फोन लावले आणि शोधत शोधत तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. डॉक्टर स्वतः बुडालेले. पंधरा मिनिटांवर बसणार नाही, अशा अटीवर ते आले आणि काही तास बसले. डॉ. बॉब यांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा मानतात, आणि तोच एएचा वाढदिवस.

हा किस्सा सांगायचं कारण असं की एएचं सगळं यंत्र याच एका गोष्टीवर चालतं. तिथं शिकवणारा वेगळा आणि शिकणारा वेगळा असं नसतं. बोलणारा स्वतःसाठी बोलत असतो, ऐकणाऱ्याला त्यातलं जे लागू पडतं ते तो उचलतो. बारा पायऱ्या (सभासदानं स्वतः चालायची वाट), बारा परंपरा (गट कसे चालवायचे त्याचे संकेत), पुस्तकं हे सगळं नंतर आलं. भारतात एए १९५७ पासून आहे, आणि देशाचं मध्यवर्ती कार्यालय आपल्या मुंबईत, भायखळ्याला आहे.

“मी काय बेवडा आहे का?”

मीटिंगच्या दारात माणूस अडतो तो या प्रश्नावर. आपल्याकडं या प्रश्नाला एक खास उत्तर तयार असतं: मी श्रावण पाळतो. महिनाभर थेंब घेत नाही. मग कसला आलाय व्यसनी?

उत्तर बिनतोड वाटतं खरं. पण श्रावणाच्या आदल्या दिवसाचं काय? गटारीला पुढच्या महिन्याची बेगमी करावी तशी पिऊन झालेली असते. श्रावणात संध्याकाळी सात वाजले की घरात उगाच चिडचिड होते, आणि संपायचा दिवस कॅलेंडरवर आधीच हेरून ठेवलेला असतो. काही जण तर गणपती उठेपर्यंत ताणतात, आणि विसर्जनाच्याच रात्री सुटतात. थांबता येणं आणि थांबलेलं राहता येणं यांत फरक आहे. कित्येक जुने सभासद आपली गोष्ट सांगताना याच ठिकाणापासून सुरुवात करतात: सोडणं मला दर वर्षी जमायचं.

तरी मी म्हणेन, या वादात पडूच नका. एएत यायला स्वतःला मद्यपी म्हणवून घ्यावं लागत नाही. सभासद होण्याची अट एकच आहे: पिणं थांबवण्याची इच्छा. ती आहे की नाही हे दुसरं कुणी तपासत नाही. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. तुम्ही किती पीत होता, देशी की विदेशी, घरात बसून की गुत्त्यावर, याची चौकशी होत नाही.

आधी शरीराचं बघा

हा भाग गाळून पुढं जाऊ नका. सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील आणि एक घोट पोटात गेल्यावरच थांबत असतील, तर शरीराला दारूची सवय जडलेली आहे. अशा माणसानं मीटिंगमधून भारावून येऊन त्याच रात्री एकदम बंद केली तर धोका असतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, आपण कुठं आहोत हे समजेनासं होतं. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं, आणि मांत्रिक शोधण्यात रात्र जाते. ही वैद्यकीय आणीबाणी आहे, वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो.

म्हणून आधी डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात हे रोजचं काम आहे. काही दिवस गोळ्या, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि देखरेख मिळाली की हा टप्पा सुखरूप पार पडतो. कुठं जावं हे कळत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे आणि १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मन मोकळं करायला आणि सल्ल्याला.

डॉक्टर की मीटिंग, असा पेच पाडून घेऊ नका. दोन्ही एकदम चालतं. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. वांद्र्याचे फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन उभं केलं, तिथं बारा पायऱ्यांच्या जोडीला अय्यंगार पद्धतीचा योग असतो. अशा केंद्रांत महिना-दोन महिने राहून आलेल्या माणसाचा खरा प्रश्न गेटच्या बाहेर पडल्यावर सुरू होतो. तेच घर, तोच नाका, तीच संध्याकाळ. मीटिंगा बहुतेक याच वेळेला असतात, सात-साडेसातच्या सुमारास, आणि माझ्या मते एएतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. बाटली उघडायच्या वेळेला जायला दुसरं ठिकाण मिळतं.

शोधायची कशी

एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरवार यादी मिळते, मोठ्या शहरांत एएचे स्वतःचे मदतीचे फोन असतात. फोन उचलणारा बहुतेक वेळा सभासदच असतो, पगारी माणूस नव्हे. त्याला सरळ सांगा: मी अमुक भागात राहतो, मराठी मीटिंग जवळ कुठं आहे, पहिल्यांदाच येतोय. एवढं ऐकलं की तो माणूस तुम्हाला नाक्यावर घ्यायला यायलाही तयार होईल. संकोच वाटला तर नुसता पत्ता घ्या.

यादीवर डोळे मिटून विसंबू नका. शाळेची खोली सुटते, वार बदलतो, परीक्षांच्या दिवसांत जागा दुसरीकडं जाते. निघण्याआधी एक फोन करा. कुलूप बघून परत आलेला माणूस पुन्हा दोन महिने फिरकत नाही, आणि वाटेत बार असतोच.

‘ओपन’ आणि ‘क्लोज्ड’ हे दोन शब्द कानावर पडतील. ओपनला कुणीही येऊ शकतं, बायको, भाऊ, विद्यार्थी, डॉक्टर. क्लोज्ड फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी. बायकोला सोबत न्यायचं असेल तर ओपन कधी आहे ते विचारा. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांतल्या मीटिंगा आहेत, गोव्यात कोंकणी आणि इंग्रजी. दारूबद्दल बोलायला माणसाला स्वतःची भाषा लागते, त्यामुळे भाषा विचारून घ्या. ओळखीचं कुणी भेटेल या भीतीनं पुष्कळ जण आपला भाग सोडून दोन स्टेशनं पुढच्या गटात जातात. चालतं की.

गावाकडं गट नसेल तर तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बघा. २०२० च्या टाळेबंदीपासून ऑनलाइन मीटिंगाही रुळल्या आहेत. दुबईत, लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला त्या गावात एए मिळेलच, पण आठवड्यातून एकदा फोनवर आपल्या भाषेतली मीटिंग ऐकणं वेगळं. बायकांना ऑनलाइनचा आधार जास्त होतो. पिणाऱ्या बाईला आपल्या समाजात पुरुषाच्या दसपट बोल लागतो, आणि खोलीभर पुरुषांत एकटीनं जाऊन बसणं सोपं नसतं. कॅमेरा बंद ठेवून ऐकता येतं. काही शहरांत फक्त स्त्रियांच्या मीटिंगा आहेत, फोनवर तसं स्पष्ट विचारा.

आत गेल्यावर

दहा मिनिटं आधी पोचा. आधी आलेली माणसं खुर्च्या मांडत असतात, चहाची तयारी चाललेली असते. कुणीतरी हात पुढं करतं आणि नाव विचारतं. पहिलं नाव पुरे, आडनाव सांगायची गरज नाही. आडनावावरून गाव, जात, नातलग सगळं काढणाऱ्या आपल्या समाजात ही सूट फार मोलाची आहे.

साधारण तास-दीड तास मीटिंग चालते. सुरुवातीला थोडा वेळ शांतता, मग एए म्हणजे काय हे सांगणारा छोटा उतारा वाचतात. एक जण चेअरपर्सन म्हणून बसलेला असतो. तो त्या दिवसापुरता, साहेब नव्हे. मग एकेक जण शेअरिंग करतो. “माझं नाव अमुक, मी मद्यपी,” असं म्हटलं की खोलीतून एकदम नमस्कार येतो. पहिल्यांदा ऐकताना अंगावर येतं. मद्यपी हा शब्द माणूस इतक्या सहज स्वतःला लावतोय, आणि पुढच्याच वाक्याला सगळे हसतायत! हसतात, हे नव्या माणसाला सगळ्यात विचित्र वाटतं. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याची गोष्ट, पोरीच्या गॅदरिंगला झोकांड्या खात गेल्याची गोष्ट, आणि ऐकणारे मान डोलावून हसतात, कारण प्रत्येकाकडं तसलीच एक असते.

मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. तुमच्यावर पाळी आली आणि बोलायचं नसेल तर “आज फक्त ऐकायला आलोय” म्हणा, संपलं. फोन बंद ठेवा, फोटो काढू नका. पिऊन आलात तरी बहुतेक गट हाकलत नाहीत. आज बोलू नका, ऐका, एवढंच सांगतील.

शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो. दहा-वीस रुपये टाका, किंवा काहीच टाकू नका. एए बाहेरून देणगी घेत नाही, खोलीचं भाडं आणि चहा सभासदांच्या पैशातूनच भागतो. सातवी परंपरा म्हणतात ती हीच. कधी कुणाचा ‘वाढदिवस’ असतो, म्हणजे दारू सोडल्याला एक वर्ष, पाच वर्षं झालेली असतात. त्या दिवशी घरचेही येतात. पहिल्या खेपेला असा वाढदिवस वाट्याला आला तर नशीब समजा, कारण सुटते हे समोर बसलेलं दिसतं.

अखेरीस सगळे उभे राहून एक छोटी प्रार्थना म्हणतात. देवाचं काय, हा प्रश्न इथं येतोच. बारा पायऱ्यांत परमेश्वराचा उल्लेख आहे, पण ‘आम्हाला जसा समजला तसा’ ही पुस्तीही आहे. कुणाचा विठ्ठल, कुणाचा येशू, कुणाचा अल्ला, आणि कुणासाठी समोरचा गट हीच आपल्याहून मोठी शक्ती. पक्के नास्तिक वर्षानुवर्षं येतात. काहींना तरीही हे पचत नाही. त्यांना माझं सांगणं एवढंच की प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहा, कुणी ओठांकडं बघत नाही.

गुण येतो का?

२०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या नामांकित संस्थेनं २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली. माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे कार्यक्रम पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांपेक्षा सरस ठरले, बाकी बाबतींत साधारण बरोबरीचे. ‘पद्धतशीरपणे जोडून देणारे’ हे शब्द विसरू नका. नुसता पत्ता हातात देऊन “जाऊन या” म्हणणं वेगळं. नवख्याला सुरुवातीच्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात त्याचं कारण हेच. रोज शक्य नसेल तर जमेल तितक्या, पण सुरुवातीला दाट.

काही आठवड्यांनी एखादा जुना सभासद ‘स्पॉन्सर’ म्हणून धरा. पुरुषानं पुरुष, बाईनं बाई, असा संकेत आहे, आणि तो पाळावा. घ्यावीशी वाटली की पेला हातात यायच्या आधी त्याला फोन करायचा. स्पॉन्सर डॉक्टर नसतो. मानसोपचाराच्या गोळ्या बंद कर, तेही व्यसनच, असं कुणी जुनाजाणता म्हणाला तर ऐकू नका. सभासदानं डॉक्टरकी करू नये असं खुद्द एएचं साहित्यच सांगतं. उसने पैसे देऊ-घेऊ नका. एएत येणारी माणसं संत नव्हेत, बाहेर असतात तशीच बरीवाईट असतात. एखादा गट रटाळ असतो, एखाद्यात दोघा-तिघांचीच वतनदारी असते. तसं दिसलं तर गट बदला, पण तीन-चार ठिकाणं बघितल्याशिवाय “एए आपल्याला जमत नाही” हा निकाल देऊ नका.

घरच्यांसाठी

बायकोनं, आईनं नवऱ्याला किंवा मुलाला मीटिंगला ढकलत नेण्याआधी एकदा स्वतःच्या मीटिंगला जावं. अल्-अॅनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून फक्त घरच्यांसाठी आहे. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. अल्-अॅनॉनमध्ये तीन गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू येतात: ही दारू माझ्यामुळे लागली नाही, ती मला आवरता येणार नाही, आणि मी ती बरी करू शकत नाही. “तूच त्याला नीट सांभाळलं नाहीस” हे सासरी वर्षानुवर्षं ऐकलेल्या बाईला यातलं पहिलं वाक्य मनात उतरवायलाच काही महिने लागतात.

नवरा पीतच असला तरी तिनं जायचं. त्याच्या साहेबांना “ताप आलाय” असा फोन करणं, बारची उधारी दागिना मोडून भागवणं, हे थांबवायचं कसं ते तिथं तसल्याच घरांतून आलेल्या बायका सांगतात. घरात मारहाण होत असेल तर मात्र मीटिंग हा उपाय नव्हे. तिथं १०९१ किंवा ११२ ला फोन लावा.

घसरल्यावर

पाच महिने कोरडे गेले आणि भावकीतल्या लग्नात हळदीच्या रात्री बसणं झालं, हे घडतं. एएत याला ‘स्लिप’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी दारूइतकीच लाजही चढलेली असते, आणि मीटिंगला कुठल्या तोंडानं जायचं या विचारात एका रात्रीचे तीन आठवडे होतात. गटाला यात नवल वाटत नाही, खोलीतल्या कित्येकांची दारू सोडल्याची तारीख अशीच बदललेली असते. हात वर करून “कालपासून पुन्हा पहिला दिवस” एवढं सांगायचं, खुलासा कुणी मागत नाही. तेही जड जात असेल तर चार दिवस दुसऱ्या गटात जा, पण स्पॉन्सरला त्याच दिवशी फोन करा. आणि या खेपेला पिणं सलग काही दिवस चाललं असेल, सकाळी हात पुन्हा थरथरत असतील, तर मीटिंगच्या आधी परत डॉक्टर.